पायपेटीमागचा खांब

त्वेरदालचं लाकडी चर्च बघायला येणाऱ्यांना आसलाक गेली चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आला होता. या चर्चच्या आधी इथे दुसरं चर्च होतं. त्याचे खांब खड्डे खणून जमिनीत पुरलेले होते, आणि शंभर वर्षं व्हायच्या आत ते बुडातून कुजून गेले. मग लोकांना अक्कल आली. त्यांनी दगड मांडले, दगडांवर जाड तुळया आडव्या टाकल्या, तुळयांवर खांब उभे केले आणि खालून वारा खेळता ठेवला. म्हणून हे दुसरं चर्च आठशे वर्षं उभं आहे. एवढं सांगून झालं की आसलाक बुटाच्या टाचेने जमिनीच्या फळीवर ठोकायचा आणि म्हणायचा, "ही कृपा सुताराची नाही आणि देवाचीही नाही. खालच्या वाऱ्याची आहे." पाद्रीबाई आसपास असल्या तर तो देवाचं नाव गाळत असे.

ही गोष्ट त्याला त्याच्या सासऱ्याने सांगितली होती. सासरा या चर्चचा राखणदार होता, त्याच्यानंतर आसलाक राखणदार झाला. दर चार-पाच वर्षांनी दोरीला लटकून भिंतींना पाइनचं डांबर फासायचं, छपराची लाकडी कौलं बदलायची, गवत काढायचं, चावी सांभाळायची, हे सगळं त्याने वयाच्या सत्तरीपर्यंत केलं. आता तो एक्याऐंशी वर्षांचा होता. काम सुटलं होतं, पण चावी अजून त्याच्याच खिशात होती आणि ती परत दे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सप्टेंबरात जुन्या इमारतींच्या कार्यालयाने एल्द्रिद नावाची सुतारीण पाठवली. पस्तिशीची, पलीकडच्या खोऱ्यातली, बोलायला मोजकी. पूर्वेकडून पाहत पाहत ती तिसऱ्या दिवशी वायव्येच्या कोपऱ्याशी आली, जिथे पायपेटी ठेवलेली होती. पायपेटीच्या अलीकडच्या सहा फळ्या तिने उचलल्या, विजेरी घेतली आणि पालथी पडून अर्धी जमिनीखाली गेली. आसलाक आणि त्याचा मित्र स्वाइनुंग मागच्या बाकावर थर्मासातली कॉफी पीत बसले होते. दोघांना बोलावलं कुणीच नव्हतं.

"सुरी द्या," एल्द्रिद खालून म्हणाली.

स्वाइनुंगने नेऊन दिली. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं होती आणि सुरीच्या पात्याला ओला, काळा भुगा लागला होता.

"कोपऱ्याचा खांब बुडातून गेलाय. पातं मुठीपर्यंत आत शिरलं."

"आठशे वर्षं काही झालं नाही त्याला," स्वाइनुंग म्हणाला.

"आठशे वर्षं त्याला वारा होता. तुळईखालची फट कुणीतरी दगड कोंबून सिमेंटने लिंपून टाकलीय. आतून लिंपलंय, म्हणून बाहेरून दिसत नाही. उत्तरेचं पाणी झिरपून येतं आणि तिथेच बसून राहतं. म्हणजे खांब परत जमिनीत पुरल्यातच जमा." तिने सुरी विजारीला पुसली. "ही जमीन याआधी कधी उघडली होती?"

याचं उत्तर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. १९७४ च्या शरदात. स्वाइनुंगचा बाप नेरी हा गावचा वायरमन होता. त्याने बाकांखाली विजेचे तापनळे बसवले तेव्हा या बाजूच्या फळ्या आठवडाभर उघड्या होत्या. ज्या चर्चमध्ये माणसं हिवाळ्यात टोप्या घालून प्रार्थना करत, तिथे त्या नाताळपासून ती नुसत्या स्वेटरवर बसू लागली. बटणांच्या पेटीवर नेरीच्या नावाची एक छोटी पितळी पाटी होती: ही ऊब नेरीची.

स्वाइनुंगने त्या पाटीकडे पाहिलं. आसलाकने कपातल्या कॉफीकडे पाहिलं. सिमेंट कुणी भरलं हे त्या चर्चमध्ये एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस कप तोंडाला लावून बसला होता.

आसलाकची बायको गुनहिल्ड एकोणीस वर्षांची असल्यापासून चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. पायपेटी त्या कोपऱ्यात, आणि तुळईखालून येणारा वारा नेमका तिच्या पायांवरून वर चढून बोटांपाशी पोचायचा. हिवाळ्यात तिची बोटं निळी पडत. तिने स्वतःसाठी बोटं उघडी राहतील असे हातमोजे विणले होते, करड्या लोकरीचे, कडेला हिरवा दोरा. तरीही घरी आल्यावर ती कितीतरी वेळ हात काखेत धरून चुलीपाशी उभी राहायची आणि तोंडातून एक शब्द काढायची नाही. आसलाकला ते बघवत नसे. नेरीचं काम संपलं त्या शनिवारी, फळ्या ठोकायच्या आधी, तो एकटा सिमेंटची गोणी घेऊन आला आणि त्याने पायपेटीच्या मागून सुरुवात करून पाच हात फट बंद केली. खालच्या वाऱ्याची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. आपण काय करतोय हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. पाच हातांनी एवढ्या मोठ्या चर्चला काय होतंय, असं त्याने मनाला समजावलं. माणूस हट्टाला पेटला की मनाला काहीही समजावतो.

त्याने ते कुणालाच सांगितलं नाही, गुनहिल्डलाही नाही. नाताळात ती म्हणाली, यंदा चर्च ऊबदार वाटतंय, नेरीने काम छान केलं. आसलाक मनात खूश झाला. हातमोजे मात्र ती घालतच राहिली. "आता तरी काढ ते," असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा. "सवय झालीय," असं ती दर हिवाळ्यात उत्तर द्यायची. त्याला ते जरा लागायचं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती. गुनहिल्डला जाऊन आता चार वर्षं झाली होती. पायपेटी स्वाइनुंगची नात इंगेरिड वाजवायची, आणि पायाशी गार लागतं म्हणून कुरकुरायची. हल्लीच्या पोरांना सोसत नाही, असं म्हणून आसलाक तो विषय उडवून लावायचा.

रविवारी प्रार्थनेनंतर शेजारच्या सभागृहात कॉफी आणि वॅफल्स होती. बातमी आधीच सगळ्यांपर्यंत पोचली होती. माणसं वाईट नव्हती, पण एवढ्या वर्षांत गावाला बोलायला एवढं चांगलं काही मिळालं नव्हतं.

"नेरीने चर्च तापवलं ते तापवलं, वर खांबही शिजवला," कुणीतरी म्हणालं.

"वायरमनला सुतारकामात हात घालायला सांगितलं कुणी होतं?"

"मेलेल्या माणसाला काय विचारणार. घे, चीज घे."

स्वाइनुंग दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं, टोपी डोक्यावर घातली आणि परत चर्चकडे चालू लागला. आसलाक त्याच्या मागून गेला. स्वाइनुंग बटणांच्या पेटीपुढे उभा राहून खिशातल्या चाकूच्या टोकाने पाटीचे स्क्रू काढत होता.

"हे काय करतोयस?"

"धर," स्वाइनुंगने एकेक करून चार स्क्रू त्याच्या हातावर ठेवले. "लोकांनी काढायला लावण्याआधी आपण काढलेली बरी. आणि एल्द्रिदला सांगून टाकलंय मी. खांब पूर्ण बदलावा लागला तर तिला हवं तसं लाकूड कुठल्याच गिरणीत मिळत नाही. आमच्या वरच्या रानातला पाइन देतोय. शुक्रवारी पाडू."

आसलाकला तो पाइन चांगला माहीत होता. अशी झाडं एका पिढीने तयार करून ठेवायची आणि पुढच्या पिढीने वापरायची. उभ्या झाडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलायची, मग झाड जखमा भरायला राळ सोडतं, ती राळ वर्षानुवर्षं लाकडात मुरते आणि असं लाकूड सहजासहजी कुजत नाही. नेरीने तरुणपणी तीन झाडं अशी सोलली होती. दोन गोठा बांधण्यात गेली. तिसरं स्वाइनुंगने कुणालाच दिलं नव्हतं. पाद्रीबाईंनी दोनदा मागितलं तरी दिलं नव्हतं.

"तो तर इंगेरिडच्या घराच्या आढ्यासाठी ठेवलाय ना तू?"

"तिला विचारलं मी. ती म्हणाली, आढं काय विकतही मिळतं." स्वाइनुंगने पाटी रुमालात गुंडाळली. "बापाने केलेलं निस्तरायला नको का?"

त्याच क्षणी आसलाकने बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. स्क्रू खिशात टाकून घरी गेला. सोमवारी त्याने चुलीची लाकडं फोडली, गरजेच्या दुप्पट. मंगळवारी तीच लाकडं पुन्हा नीट रचली. बुधवारी स्वाइनुंगच्या घरापर्यंत जाऊन फाटकावरूनच परत फिरला. चव्वेचाळीस वर्षं धरलेली मिठाची गुळणी एकदम थुंकता येत नाही, आणि शिवाय त्याला स्वतःचं नाव प्यारं होतं. चर्च राखणारा आसलाक, ही त्याची एकच कमाई होती. ती गेली तर उरलेल्या दिवसांत लोकांसमोर कुठलं तोंड घेऊन बसायचं, हे त्याला कळत नव्हतं. आणि स्वाइनुंगचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो काठी घेऊन रानात चढला. वाटेत तीनदा थांबून दम घ्यावा लागला. वर पोचला तेव्हा स्वाइनुंग यांत्रिक करवतीत तेल घालत होता. पाइन सरळसोट उभा होता, साल सोललेल्या जागी करडा आणि मधूनमधून राळेने पिवळा.

"तू कशाला आलास? तुझ्या अंगावर पडला तर तुला खाली कोण नेणार?"

"करवत खाली ठेव."

"का?"

"सिमेंट मी भरलं."

स्वाइनुंगने करवत खाली ठेवली नाही. मग आसलाकने सगळं सांगितलं. शनिवार, गोणी, पाच हात, गुनहिल्डची बोटं. काहीच गाळलं नाही. सांगून झाल्यावर स्वाइनुंग एका ओंडक्यावर बसला, पिशवीतून थर्मास काढला आणि एकाच कपात कॉफी ओतली. ती स्वतःच पिऊ लागला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"म्हणजे माझ्या बापाचं कौतुक होत होतं तेव्हा तू गप्प," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि शिव्या पडल्या तेव्हाही गप्प."

"हो."

"पाटी काढली तेव्हा स्क्रू तुझ्या हातात दिले मी. तुझ्या हातात."

आसलाकने खिशातून चारही स्क्रू काढले आणि ओंडक्यावर त्याच्याजवळ ठेवले. स्वाइनुंगने ते एका बाजूला सरकवले.

"तुझ्यावर चिडायचं म्हटलं तरी दम लागतो आता," तो म्हणाला. "मी हे कुणाला सांगणार नाही. तू सांगायचं. रविवारी, कॉफीच्या वेळी, बसून नाही, उभं राहून. आणि झाडाचं तोवर राहू दे."

"सांगतो."

"सांगशीलच. नाहीतर मी हा पाइन तुझ्याच घरावर पाडीन."

रविवारी आसलाक उभा राहिला. खुर्चीची पाठ धरून त्याने चार वाक्यांत सांगितलं. नेरीने नाही. मी. फट सिमेंटने बंद केली. बायकोला थंडी वाजायची म्हणून. कुणी त्याच्याकडे पाहिलं, कुणी वॅफलकडे. ज्याने खांब शिजवल्याचा विनोद केला होता तो माणूस उठला आणि आणखी कॉफी आणायला निघून गेला. आसलाकला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसती लाज वाटली, आणि ती चांगलीच वाटली.

एल्द्रिद मागच्या टेबलावर बसली होती. तिला लाज, माफी वगैरेंशी काही घेणंदेणं नव्हतं.

"कुठपासून कुठपर्यंत भरलंत?" तिने विचारलं.

"पाच हात. पायपेटीच्या मागून सुरुवात केली."

"खांबाला पूर्ण वेढा घातलात? पायपेटीच्या बाजूनेही?"

"तिथे तर सगळ्यात आधी. तिच्या पायांपाशीच वारा यायचा."

"मग पायपेटी हलवावी लागेल. ती बाजू मी पाहिलेली नाही. तिथेही कुजला असेल तर खांब काढायचा आणि कार्यालयाच्या वखारीत ठेवायचा. उद्या चार माणसं द्या."

सोमवारी चार माणसांनी पायपेटी उचलून बाजूला केली. तिच्या मागे, भिंतीला लागून, हातभर लांबीची एक फळी होती. एल्द्रिदने पहार आणली, पण तिची गरज लागली नाही. फळीला खिळेच नव्हते. ती हाताने उचलली गेली.

एल्द्रिद पालथी पडली. आसलाक आणि स्वाइनुंग तिच्या बुटांपाशी उभे होते. मग खालून ठोकल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, टणक लाकडाचा.

"इथे खांब शाबूत आहे," ती म्हणाली. "नुसता शाबूत नाही, कोरडा आहे. सुरी पुढे जात नाही. आसलाक, तुम्ही म्हणालात वेढा घातला."

"घातला होता."

"या बाजूला फट उघडी आहे. दोन मुठी जातील एवढी. कुणीतरी मसाला ओला असताना खरवडलाय, आणि मधला दगड ओढून काढलाय. दगड इथेच पडलाय बाजूला. थांबा, त्याला काहीतरी बांधलंय."

तिने हात वर केला. तिच्या तळहातावर एक चपटा दगड होता. त्याच्याभोवती लोकरीच्या दोऱ्याचा फास होता, ओढायला लांब शेपूट सोडलेला. दोरा धुळीने माखला होता. एल्द्रिदने अंगठ्याने तो पुसला. करडी लोकर, आणि तिच्याबरोबर पिळलेला एक हिरवा दोरा.

आसलाकने दगड हातात घेतला. त्याला बसावंसं वाटलं म्हणून तो पायपेटीच्या बाकड्यावर बसला. गुनहिल्ड राखणदाराची मुलगी होती. खालच्या वाऱ्याची गोष्ट तिने पाळण्यात असल्यापासून ऐकली होती, ती तिच्याच बापाची गोष्ट होती. वारा थांबला तेव्हा तो कुणी थांबवला आणि कशासाठी, हे तिच्या पायांना पहिल्याच रविवारी कळलं असणार. त्याच आठवड्यात, सिमेंट पुरतं धरायच्या आत, तिने चर्चची चावी घेतली असणार. चावी घरात खुंटीलाच असायची. मग चाळीस हिवाळे ती त्या वाऱ्यात बसून वाजवत राहिली. त्याला कळू दिलं नाही, कारण त्याला किती आनंद झालाय हे तिला दिसत होतं. आणि तो मूर्खासारखा दर वर्षी तिला हातमोजे काढायला सांगत होता.

"बाहेरची निम्मी बाजू गेली," एल्द्रिद उठून गुडघे झटकत म्हणाली. "आतली निम्मी या फटीमुळे वाचली. खांब काढायचं कारण नाही. सिमेंट फोडायचं, कुजलेलं तासून टाकायचं आणि बुडाला हातभर नवीन लाकूड जोडायचं. तेवढं लाकूड मिळेल ना कुठे?"

"माझ्या कोठाराच्या उंबऱ्याचं घे," आसलाक म्हणाला. "राळेचंच आहे ते. सासऱ्याने बसवलेलं."

"आणि पाइन?" स्वाइनुंगने विचारलं.

"पाइन राहू द्या उभा," एल्द्रिद म्हणाली. "घराला आढं लागतंच."

स्वाइनुंगने खिशातून रुमाल काढला. पाटी आठवडाभर त्याच्याच खिशात होती, आणि रानातून उचलून आणलेले स्क्रूही. तो बटणांच्या पेटीकडे गेला आणि चाकूच्या टोकाने पाटी परत बसवू लागला. चौथा स्क्रू आवळून झाल्यावर तो परत आला, थर्मास उघडला आणि दोन कप भरले.

"काय रे, बोल काहीतरी," तो म्हणाला.

आसलाकने कप घेतला नाही. त्याने खाली वाकून उघड्या फळीपाशी हात धरला होता. वारा बोटांवरून जात होता, गार आणि सारखा, मध्ये न थांबता.

"तिला फार थंडी वाजली असेल," तो म्हणाला. मग त्याला रडू आलं. स्वाइनुंग त्याच्या शेजारी बाकड्यावर बसला आणि दोन्ही कप धरून थांबला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी खांबाला नवीन बूड लागलेलं होतं आणि उत्तरेची फट पाचही हात मोकळी होती. प्रार्थनेच्या अर्धा तास आधी आसलाक चर्चमध्ये आला. इंगेरिड पायपेटीचं झाकण उघडत होती. तिने तोंड वाकडं केलं. "आता तर आधीपेक्षा जास्त गार लागतंय," ती म्हणाली. "इथे बसून वाजवायचं कसं माणसाने?"

आसलाकने कोटाच्या खिशातून करडे हातमोजे काढले, बोटं उघडी राहणारे, कडेला हिरवा दोरा असलेले. तळहाताला ते दोनदा रफू केलेले होते. त्याने ते सुरांच्या पट्ट्यांवर ठेवले.

"हे घालून," तो म्हणाला.